राजी: ॲन एन्शंट एपिक
'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने विकसित केलेला साहसप्रधान व्हिडिओ गेम आहे. तो २०२० साली प्रकाशित झाला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाचा, गोलूचा, शोध घेणारी राजी ही त्याची नायिका होय. सर्कशीत वाढलेली राजी खांब व भिंतींचा आधार घेऊन कसरतीच्या चपळाईने लढते.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) पासून रोल-प्लेइंग खेळांत अनुभवाचे गुण मिळवून पात्राची पातळी वाढवण्याची पद्धत रूढ झाली. 'राजी'त मात्र नायिकेऐवजी शस्त्रे बलवान होतात. वाटेत सापडणारे दैवी गोल वापरून त्रिशूळ, धनुष्य इत्यादी शस्त्रांना वीज, अग्नी वा हिम यांची शक्ती देता येते. ही वाटणी नंतर बदलता येत असल्याने एखादी निवड चुकली तरी ती सुधारता येते.