हिशेब आधी बापाचा

ख्रिस्ती धर्मात मुले कशी वाढवावीत, असा विषय चारचौघांत निघाला, तर ज्यांनी पवित्र शास्त्राचे एक पानही उलटलेले नसते त्यांच्यापाशीसुद्धा उत्तर तयार असते: छडी आवरली की पोर बिघडले. शलमोन राजाच्या नावावर चालत आलेल्या 'नीतिसूत्रे' या ग्रंथात छडीची शिफारस आहे, आणि ती एका ठिकाणी नसून चार-पाच ठिकाणी आहे, हे कबूलच केले पाहिजे. परंतु त्याच शास्त्रातील कथाभाग जो सावकाश वाचील त्याच्या ध्यानात येईल, की तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात मुलापेक्षा बापच अधिक वेळा उभा आहे. एली याजकाचे पुत्र देवाला अर्पण व्हावयाचे मांस आधीच उपटून खात, बाप त्यांना तोंडदेखले चार शब्द सुनावून गप्प बसे, आणि अखेर निकाल लागला तो बापाच्या सबंध घराण्याविरुद्ध. इसहाकाला पुत्र एसाव प्रिय आणि त्याची पत्नी रिबका हिला दुसरा पुत्र याकोब. पुढे त्याच याकोबाने योसेफ या एकट्या पुत्राला उंची झगा शिवून दिला आणि बाकीच्या भावांच्या मनात असे विष कालवले, की त्याचा शेवट त्या पोराला मिसरच्या वाटेवरील व्यापाऱ्यांच्या हाती विकण्यात झाला. आवडता-नावडता या भेदाचे असे निर्दय चित्रण दुसऱ्या धर्मग्रंथांत फार थोडे सापडेल.

ख्रिस्ती उपदेशाचे या बाबतीतील वेगळेपण समजावयाचे असेल, तर तो ज्या जगात उच्चारला गेला त्या जगाकडे पाहिले पाहिजे. इ. स. पूर्वी १ या वर्षी हिलारिओन नावाचा एक साधा मजूर अलेक्झांड्रियात कामाला राहिला असता गावी असलेल्या गरोदर पत्नीला एक पत्र लिहितो. ते मिसरच्या वाळूत शाबूत राहिले आणि ऑक्सिऱ्हिंकस येथील उत्खननात हाती आले. पत्रात मायेचे शब्द आहेत, मजुरी मिळताच पैसे पाठविण्याचे वचन आहे, धाकट्या लेकराची काळजी घेण्याची विनवणी आहे. आणि त्याच ओघात, तितक्याच सहजपणे, मुलगा झाला तर ठेव आणि मुलगी झाली तर टाकून दे, अशी सूचनाही आहे. हा माणूस दुष्ट नव्हता. त्या काळचा दस्तुरच तसा होता. रोमन कायद्याने कुटुंबप्रमुखाला अपत्यांवर जी मुखत्यारी दिली होती तिच्यात, निदान कायद्याच्या भाषेत, त्यांच्या प्राणांचाही समावेश होत असे.

अशा समाजात पौलाच्या नावाने आलेली इफिसकरांस आणि कलस्सैकरांस ही पत्रे वाचली गेली. मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे, हे त्यांतील वाक्य ऐकून कोणत्याही रोमन गृहस्थाने संतोषाने मान डोलावली असती. पण पुढच्याच वाक्यात पत्रलेखक बापाकडे वळतो आणि मुलांना चिडीस आणू नका, असे त्यालाच बजावतो. इतकेच नव्हे, तर कलस्सैकरांच्या पत्रात त्याचे कारणही देतो, की तसे केल्याने मुले मनातून खचतात. ज्याच्या हाती सर्व हुकूमत त्यालाच, पोराच्या मनाला काय वाटेल याचा विचार कर, असे सांगणे हा त्या काळी लहानसहान फेरफार नव्हता. नवजात अर्भकाचा वध करू नये, असा स्पष्ट निर्बंध 'दिदाखे' या आद्य ख्रिस्ती आचारग्रंथात आढळतो तोही याच संदर्भात वाचावयाचा.

पुढे चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात अंत्युखिया नगरीत योहान ख्रिसोस्तम हा धर्मोपदेशक झाला, ज्याला त्याच्या वक्तृत्वामुळे लोकांनी 'सुवर्णमुख' हे नाव दिले. मिथ्या डौल आणि मुलांचे संगोपन या विषयावर त्याने लिहिलेला एक निबंध उपलब्ध आहे, आणि आजच्या बालमानसशास्त्राच्या अनेक जाडजूड पुस्तकांपेक्षा तो मला अधिक उपयोगाचा वाटतो. मुलाचे मन म्हणजे नव्याने वसलेले नगर, आणि जीभ, कान, नाक, डोळे व त्वचा या त्याच्या पाच वेशी, असे रूपक बांधून कोणत्या वेशीतून काय आत येऊ द्यावे याची तजवीज तो बापाला शिकवितो. पण या रूपकापेक्षा मला मोलाची वाटते ती त्याची गोष्ट सांगण्याची रीत. रात्रीच्या जेवणाच्या वेळी, दिवसाच्या कामातून मन मोकळे झाले असताना, बापाने काइन आणि हाबेल या दोन भावांची कथा रंगवून सांगावी. लगेच तात्पर्य काढू नये. काही दिवसांनी तीच कथा मुलाकडून वदवून घ्यावी. ती त्याच्या अंगवळणी पडली म्हणजे मग तिच्यातील बोध उलगडावा. आणि पुढे एखादे दिवशी मंदिरात ज्या वेळी तो भाग वाचला जाणार असेल त्या वेळी मुलाला हात धरून तेथे न्यावे, म्हणजे भरल्या सभेत आपल्याला आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट ओळखू आल्याच्या आनंदाने ते उसळून उठेल. ज्याने हे लिहिले तो स्वतः संन्यस्त होता, त्याला मूलबाळ नव्हते; पण मुलाच्या डोळ्यांतील ती चमक त्याने कोठेतरी टक लावून पाहिली असली पाहिजे.

नरकाच्या कथा मुलाला पंधरा वर्षांचे होईपर्यंत सांगू नयेत, असेही तो म्हणतो. आणि छडीविषयी त्याचे मत असे, की मुलाला तिचा धाक असावा, पण प्रसाद मिळू नये. कारण रोज बसणाऱ्या माराची सवय होते, आणि सवय झालेल्या माराला मूल भीक घालीत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला, तेराशे वर्षांनंतर, इंग्लंडातील एपवर्थ या गावच्या पाळकाची पत्नी सुझाना वेस्ली उभी आहे. तिला एकोणीस अपत्ये झाली, त्यांपैकी नऊ बाल्यावस्थेतच गेली. उरलेल्यांत मेथडिस्ट पंथाचा जनक जॉन आणि स्तोत्रकार चार्ल्स हे दोघे होते. १७३२ साली जॉनच्या आग्रहावरून तिने आपल्या गृहशिक्षणाची पद्धत एका पत्रात सविस्तर कळविली. त्यात ती निःसंकोचपणे सांगते, की वर्षाची होताच, काहींना तर त्याआधीच, मुलांना छडीचे भय आणि दबक्या आवाजात रडणे शिकविले जाई, आणि मुलाची इच्छाशक्ती प्रथम नमविणे हा सर्व शिक्षणाचा पाया होय. हे वाचून आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येतो, आणि तो यावा हेच ठीक; एक वर्षाच्या अर्भकाला हुंदका गिळावयास लावण्यात कोणता धर्म आहे ते मला आजवर उमगलेले नाही. परंतु याच बाईच्या घरात अपराध स्वतःहून कबूल करणाऱ्या मुलाला मार द्यावयाचा नाही, आणि एकाच अपराधाची शिक्षा दोनदा करावयाची नाही, असे नियम होते. शिवाय प्रत्येक मुलासाठी आठवड्यातील एक संध्याकाळ तिने राखून ठेवली होती, त्या वेळी त्या मुलाशी एकांतात, त्याच्याच मनातील विषयांवर बोलावयाचे. जॉनची संध्याकाळ गुरुवारची. तो प्रौढ झाल्यावर, विद्यापीठात फेलो असताना, त्याने आईला लिहिले, की ती गुरुवारची वेळ अजून मला देता येईल का? छडीची आठवण काढून असे पत्र कोणी लिहीत नाही.

सुझानाच्याही आधी जर्मनीत मार्टिन लूथरने १५२९ मध्ये काढलेल्या लघु प्रश्नोत्तरीच्या मुख्य प्रकरणांवर, कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने कसे शिकवावे, अशा अर्थाचे मथळेच आहेत. म्हणजे धर्मशिक्षणाची सनद धर्मगुरूच्या हातून काढून त्याने घराच्या कर्त्यालाही दिली. कॅथॉलिक घरांत तीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. गोव्यात तिन्हीसांजेला सारे कुटुंब एकत्र गुडघे टेकून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणते, आणि ती संपताच धाकटी मुले हात जोडून एकेका वडीलधाऱ्यासमोर बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. शब्द पोर्तुगीजांचा असला तरी दिवेलागणीला वडिलांच्या पाया पडणाऱ्या आपल्याकडील घरांना ही रीत परकी वाटू नये.

महाराष्ट्रात १८१३ साली मुंबईस उतरलेल्या अमेरिकन मिशनने पुढे अहमदनगर हे आपले ठाणे केले. हे मिशनरी ज्या पंथाचे, त्याच पंथाचा हॉरेस बुशनेल हा पाळक होता. मुलाने आधी पापी म्हणून वाढावे आणि तारुण्यात एके दिवशी अकस्मात त्याचे परिवर्तन व्हावे, या रूढ कल्पनेला त्याने १८४७ साली हरकत घेतली, आणि घराच्या हवेतच मूल ख्रिस्ती म्हणून वाढते, असे एका पुस्तकात प्रतिपादिले. त्यावर एवढा गदारोळ उठला, की प्रकाशक संस्थेने ते पुस्तक मागे घेतले. आपल्याकडे या मिशनच्या हातून १८७२ मध्ये 'बालबोधमेवा' हे मासिक निघाले, आणि पुढे याच परिवारात फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. पण येथे एक कडू गोष्ट बाजूला सारून चालणार नाही. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचे स्वतःचे घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा मुलगा दत्तू एकीकडे, टिळक दुसरीकडे. लक्ष्मीबाईंनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १९०० साली. कुटुंबाविषयीचा उपदेश आणि कुटुंब तोडणारा धर्मांतराचा क्षण या दोहोंची गाठ कशी पडते याची कैफियत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनाइतक्या प्रांजळपणे मराठीत दुसऱ्या कोणी दिलेली नाही, आणि ती देताना त्या बाईंनी कोणाचीही बाजू राखलेली नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळात उघड्यावर पडलेल्या शेकडो मुलींना जवळ केले तेव्हा कुटुंब या शब्दाची व्याप्ती त्यांनी रक्ताच्या नात्यापलीकडे नेली. ख्रिस्ती परंपरेत याला आधार आहे; अनाथ आणि विधवा यांचा समाचार घेणे हाच शुद्ध धर्म, असे याकोबाच्या पत्राचे म्हणणे. मात्र त्यांची एकुलती कन्या मनोरमा, जिने त्या कामाचा भार खांद्यावर घेतला होता, ती १९२१ मध्ये निवर्तली आणि पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या.

आता राहिली म्हाताऱ्यांची गोष्ट, जिच्याकडे या विषयावर लिहिणारे बहुधा डोळेझाक करतात. मार्कच्या शुभवर्तमानात येशूचा शास्त्र्यांशी एक खटका उडतो. आईबापांना जे द्यावयाचे ते मी कुर्बान, म्हणजे देवाला अर्पण, केले आहे, असे एकदा म्हटले, की मुलाची त्यांना पोसण्याच्या जबाबदारीतून सुटका होत असे. इब्री भाषेतील हा शब्द आणि फारसी-अरबीच्या वाटेने आपल्या बोलण्यात आलेला कुर्बान हे एकाच धातूचे. देवाच्या नावावर आईबापांना उपाशी ठेवण्याची ही पळवाट येशूने साफ नामंजूर केली. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात हीच गोष्ट कारभाराच्या भाषेत येते: ज्या विधवेला मुले-नातवंडे आहेत तिचा भार आधी त्यांनी उचलावा, मंडळीच्या निधीवर टाकू नये; आणि जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याची गणना विश्वास न ठेवणाऱ्या माणसापेक्षाही खाली.

छडीची वचने ज्यांना मुखोद्गत आहेत त्यांना माझी एकच विनंती आहे. त्यांनी 'राजे' या पहिल्या पुस्तकाचा पहिलाच अध्याय काढून पाहावा. दावीद राजा जख्ख म्हातारा झाला आहे, अंगावर किती पांघरुणे घातली तरी त्याला ऊब येत नाही, आणि त्याच्या शुश्रूषेसाठी साऱ्या मुलखात शोध करून अबीशग नावाची एक परकी मुलगी आणावी लागली आहे. त्याच सुमारास त्याचा पुत्र अदोनीया, बाप जिवंत असताना, नगराबाहेर मेजवानी मांडून स्वतःला राजा म्हणवून घेत आहे. आणि या दोन प्रसंगांच्या मध्ये, जाता जाता, त्या प्राचीन बखरकाराने नोंद करून ठेवली आहे, की या मुलाच्या कोणत्याही वागण्याचा जाब त्याच्या बापाने उभ्या जन्मात एकदाही विचारून त्याचे मन दुखविले नव्हते.