कोळंबीसाठी पाचोळ्याची तजवीज

पूर्व आशियातील ओढ्यांत मूळची वस्ती असलेली आणि निवडक पैदाशीने लालबुंद झालेली, जेमतेम 2 ते 3 सेंटिमीटर लांबीची चेरी कोळंबी काचेच्या टाकीत पाळणारे लोक, मुंबईच्या रस्तोरस्ती तांबडे होऊन गळणारे देशी बदामाचे पान इतक्या अगत्याने का वेचतात, असा प्रश्न नवख्याला पडणे स्वाभाविक आहे.

वस्तुतः कोळंबीला पानापेक्षा पानावर जे उगवते त्याची गोडी अधिक. पान पाण्यात मऊ पडू लागले की त्यावर जीवाणू, बुरशी व शेवाळ यांचा बुळबुळीत थर साचतो, आणि टाकीभर अन्न शोधीत हिंडण्याची ताकद नसलेली मिलिमीटरभर-दोन मिलिमीटरांची पिले त्या थरावर अहोरात्र चरत राहतात. काही आठवड्यांनी उरते ती केवळ शिरांची जाळी.

पानांतून झिरपणारे टॅनिन पाण्याला फिक्या चहाचा रंग आणते व आम्लता किंचित वाढवते. मात्र पाण्यात कार्बोनेटांचे प्रमाण भरपूर असल्यास हा फरक नाममात्रच राहतो, ही गोष्ट तेच पान सर्वरोगहारक म्हणून पाकिटात विकणारे दुकानदार सहसा सांगत नाहीत.

पान आपोआप गळलेले व पुरते वाळलेलेच घ्यावे. कीटकनाशक फवारलेल्या बागेतील तर सर्वथा वर्ज्य, कारण जो अंश मासा सोसतो तो कोळंबीचा प्राण घेतो. उकळत्या पाण्यात भिजवले की ते तळाशी बसते. 20 लिटरच्या टाकीस एक पान पुरे. अधिक पाला कुजताना पाण्यातील प्राणवायू खातो. बदाम न मिळाल्यास तुतीचे पान चालते, फक्त ते लवकर फस्त होते.