दगडाच्या पोटातलं बिऱ्हाड
अशीही वस्ती : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण उकळत्या झऱ्यांत मजेत नांदणारे जिवाणू पाहिले. आज थेट दुसऱ्या टोकाला जायचं आहे. तिथे हाडं गोठवणारी थंडी आहे आणि पाणी जवळजवळ नाहीच. ती जागा आहे अंटार्क्टिकात. पण सुरुवात आपल्या धार-देवासपासून करू, कारण या जिवांची गोष्ट कळायची तर आधी दगड कळायला हवा.

देवासची माताजीची टेकडी काळ्या बेसाल्टची. माळव्याचा बहुतेक भाग याच दगडावर बसलेला आहे. लाव्हा थिजून झालेला हा दगड घट्ट असतो, त्यातून उजेड आत जात नाही. धार जिल्ह्यातच नैऋत्येला बाघच्या लेण्यांकडे उतरलं, की वालुकाश्म लागतो. हा वाळूचे कण एकमेकांना चिकटून झालेला दगड. कणांच्या मधे बारीक पोकळ्या असतात आणि पाणी त्यांतून मुरत जातं. बाघच्या नऊ लेण्यांपैकी काही ढासळली, उरलेल्यांतल्या चित्रांना ओल लागली, त्याला दगडाचा हा स्वभाव बराचसा कारणीभूत. बाघ ग्वाल्हेर संस्थानात होतं, तेव्हा १९२१ साली नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि इतर चित्रकारांनी या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या, म्हणून त्यांचं बरंचसं रूप आज कळतं.

ज्या पोकळ्यांनी बाघचा घात केला, त्याच अंटार्क्टिकात जिवाला आसरा देतात.

तिथल्या मॅकमर्डो भागातल्या कोरड्या दऱ्यांत बर्फाची चादर नाही. डोंगररांगा हिमनद्यांना अडवतात आणि वरून घसरत येणारे सोसाट्याचे वारे उरलासुरला ओलावा शोषून घेतात. वर्षभरात पडणाऱ्या बर्फाचं पाणी केलं, तर ते १०० मिलिमीटरही भरत नाही, आणि त्यातलंही बरंचसं न वितळता थेट हवेत उडून जातं. १९०३ च्या डिसेंबरात कॅप्टन स्कॉट यातल्या एका दरीतून चालत गेला. तिथे काहीच जिवंत नाही, साधं शेवाळही नाही, अशी त्याने नोंद केली. पुढची सत्तर वर्षं जवळपास सगळे हेच धरून चालले होते.

हे न पटलेला एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होता वुल्फ विश्नियॅक. मंगळावर सूक्ष्मजीव शोधायचं एक यंत्र त्याने तयार केलं होतं, पण १९७२ साली ते मंगळावर जाणाऱ्या व्हायकिंग यानांवरून वगळण्यात आलं. या दऱ्यांच्या मातीत खरोखरच काही नाही का, हे तपासायला तो अंटार्क्टिकात गेला आणि १० डिसेंबर १९७३ रोजी कड्यावरून पडून मरण पावला. त्याने गोळा केलेले दगड त्याच्या पत्नीने फ्लॉरिडातल्या इम्रे फ्रीडमन यांच्याकडे पाठवले. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात दगडांच्या आत शैवाल सापडतं, हे फ्रीडमन यांनी आधीच दाखवलं होतं. त्यांनी आणि रोझेली ओकॅम्पो यांनी हे दगडही फोडून पाहिले आणि आत जीव सापडले. १९७६ साली ते प्रसिद्ध झालं.

असा दगड फोडला, की छेदात रंगांचे पट्टे दिसतात. सर्वांत वर जेमतेम मिलिमीटरभर गंजाच्या रंगाची टणक साल. तिच्याखाली काळा पट्टा, मग पांढरा, मग हिरवा. सगळं मिळून एक सेंटिमीटरच्या आत. काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्यांत बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे हीच जोडी: शैवाल उन्हातून अन्न तयार करतं, बुरशी त्याला धरून ठेवते. फरक इतकाच, की इथे ही जोडी दगडावर न फुलता कणांच्या मधल्या पोकळ्यांत पसरते. काळ्या पट्ट्याचा रंग बुरशीतल्या मेलॅनिनचा, म्हणजे आपल्या केसांना काळं करणाऱ्याच द्रव्याचा. त्याने जाळणारं ऊन अडतं. पांढऱ्या पट्ट्यात बुरशीच्या आम्लाने कणांवरचं लोह धुऊन निघालेलं असतं. खालच्या हिरव्या पट्ट्यात शैवाल अगदी मंद उजेडावर भागवतं.

मग दगडावरच का नाही राहत? उन्हाळ्यात हवा शून्याखाली असतानाही ऊन लागलेला दगड शून्याच्या वर तापतो. पण वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी पृष्ठभाग काही मिनिटांत अनेकदा गोठतो आणि वितळतो. पेशींना हा मारा झेपत नाही. काही मिलिमीटर आत तो पोचत नाही. वर पडलेलं थोडं बर्फ वितळून आत मुरतं आणि ती ओल बरेच दिवस टिकते. याच दऱ्यांत बेसाल्टचा सख्खा भाऊ डोलेराइटही आहे. त्यात ना पाणी मुरत, ना उजेड शिरत, म्हणून तिथे हे बिऱ्हाड थाटता येत नाही.

थाटलेल्या बिऱ्हाडालाही वर्षातले फार तर हजारेक तास काम करता येतं. वर्षाचे तास ८,७६०. उरलेला वेळ सगळं ठप्प. त्यामुळे वाढ अतिशय मंद; तिचा हिशोब शतकांत आणि सहस्रकांत करावा लागतो. बुरशीचं आम्ल कणांमधला चिकटाही हळूहळू विरघळवतं. वरचा पापुद्रा सुटून पडतो आणि वस्ती आणखी आत सरकते.

इटलीतल्या संशोधकांनी अशाच दगडांतून वेगळी केलेली क्रायोमायसीस अंटार्क्टिकस ही काळी बुरशी २००५ साली शास्त्राच्या यादीत आली. ती लांब तंतू न काढता जाड भिंतींच्या पेशींचे घट्ट गोळे करते, त्यामुळे बाहेर उघडा पडणारा भाग कमी राहतो. २००८ ते २००९ अशी दीड वर्षं ती अंतराळ स्थानकाच्या बाहेर, निर्वात पोकळीत ठेवली होती. परत आणल्यावर तिच्यातल्या थोड्या पेशी पुन्हा वाढल्या.

१९७६ सालीच व्हायकिंग यानांनी मंगळावरची माती उकरून तपासली. दगडाच्या आत पाहण्याची सोय त्यांच्यात नव्हती. फ्रीडमन यांचं म्हणणं असं, की मंगळ कोरडा आणि थंड होत गेला तेव्हा तिथे जीव असलेच, तर शेवटचा आसरा त्यांनी दगडातच घेतला असेल. २०२१ साली उतरलेली पर्सिव्हिअरन्स गाडी आता खडकांची साल घासून आत पाहते, त्यांतून नमुनेही काढते. तिथे जीव मिळेल की नाही, हा पुढचा प्रश्न. पण एखादी जागा निर्जीव आहे असं म्हणायचं, तर निदान तिथला एक दगड फोडून पाहायला हवा, एवढं या बुरशीने शिकवलं आहे.

पुढच्या आठवड्यात : खोल समुद्रात, सूर्याचा एक किरणही न पाहता जगणाऱ्या वस्त्या.