आसिएन्दा : करायच्या कामापासून मालकीपर्यंत

मेक्सिकोच्या इतिहासात ‘आसिएन्दा’ म्हणजे अफाट जमिनीची जहागीर. मधोमध मालकाचा वाडा, शेजारी प्रार्थनाघर आणि धान्याची कोठारे, भोवती मजुरांच्या झोपड्या. या शब्दाचे मूळ मात्र मालकीत नाही, कामात आहे.

लॅटिनमध्ये ‘फाकेरे’ म्हणजे करणे आणि ‘फाकिएन्दा’ म्हणजे करावयाच्या गोष्टी. संस्कृतात ‘कृ’पासून ‘कार्य’ होते, तशीच ही घडण. आपल्या बैठकांतला ‘अजेंडा’ही याच जातीचा. स्पॅनिशमध्ये शब्दारंभीच्या ‘फ’चा पुष्कळदा ‘ह’ झाला. पुढे तोही उच्चारातून गळाला आणि केवळ लेखनात उरला. पोर्तुगीजने ‘फ’ राखला, म्हणून तिथे ‘फझेन्दा’.

करायची कामे, मग व्यवहार, मग व्यवहारातून साठलेले धन, शेवटी मालमत्ता, असा अर्थ सरकत गेला. भाषाशास्त्रज्ञ ‘फाकेरे’ आणि संस्कृत ‘धा’ यांना एकाच आदिधातूपाशी नेतात. त्याच ‘धा’पासून आपला ‘निधी’ आला, हे इथे ध्यानात घ्यावे.

अर्थाला पुढे फाटे फुटले. स्पेनमध्ये सरकारी तिजोरी आणि कर वसूल करणारे खाते म्हणजे ‘आसिएन्दा’. अर्जेंटिनात त्याचा अर्थ गुरेढोरे. ‘फझेन्दा’ पोर्तुगालात कापडालाही म्हणतात, ब्राझीलमध्ये मोठ्या शेतमळ्याला. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या महसुलावर व खजिन्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यातही हाच शब्द होता.

मेक्सिकोत मात्र या शब्दाभोवती रक्त सांडले. तिथल्या अनेक जहागिरींत मजुराने मालकाच्याच दुकानातून उधारीवर माल घ्यायचा, मजुरी त्या खात्यात वळती व्हायची आणि कर्ज फिटेपर्यंत जागा सोडता येत नसे. ते पुष्कळदा फिटतच नसे. १९१० मध्ये क्रांती पेटली. १९११ च्या ‘आयाला योजने’त एमिलियानो सापाता यांच्या अनुयायांनी गावांच्या बळकावलेल्या जमिनी परत मागितल्या. १९१७ च्या राज्यघटनेतील २७ व्या कलमाने जमीनवाटपाला आधार दिला. १९३४ ते १९४० या काळात राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली.

‘करावयाचे काम’ सांगणारा शब्द काम न करणाऱ्याच्या मालकीचे नाव होऊन बसला होता. मागणी होती ती काम करणाऱ्या हातांना जमीन मिळण्याची. आज त्यांतल्या कित्येक वाड्यांची हॉटेले झाली आहेत. पाटीवर शब्द तोच आहे.