सिंहाच्या घरी पाहुणे

केनियाला जाऊन आल्यापासून कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझ्या शब्दाला थोडे वजन आले आहे. एरवी शुद्धलेखनाच्या शंकेखेरीज मला कोणी काही विचारीत नसे. आता मात्र ‘खर्च किती येतो?’, ‘सिंह खरोखरच दिसतो का?’ आणि ‘जेवणाचे काय?’ हे तीन प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतातच. वर्षानुवर्षांची शिल्लक मोडून ज्यांना सहकुटुंब तिकडे जायचे आहे, त्यांच्यासाठी चार उपयोगी गोष्टी येथे सांगतो.

पहिली गोष्ट ऋतूची. आपली मे महिन्याची सुट्टी आणि तिकडचा मोठा पाऊस यांची नेमकी गाठ पडते. मार्च ते मे मसाई मारात चिखलात गाड्या रुततात. दिवाळीच्या सुट्टीत लहान पावसाला सुरुवात होते. पण सर येते आणि जाते, त्यामुळे तेवढे अडत नाही. जुलै ते ऑक्टोबर या काळात टांझानियातील सेरेंगेटीमधून लाखो वाइल्डबीस्ट मारात उतरतात. माणसांची गर्दीही तेव्हाच. २०२४ च्या दरपत्रकाप्रमाणे मारा राखीव क्षेत्राचा परदेशी प्रौढासाठी दिवसाचा प्रवेश जानेवारी ते जून १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. ज्यांना वाइल्डबीस्टचा हट्ट नाही, त्यांनी जानेवारी-फेब्रुवारीत जावे. हवा कोरडी असते, खिशालाही हलके पडते, आणि सिंह, हत्ती, जिराफ कुठे जात नाहीत.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. केनियाने २०२४ च्या जानेवारीपासून जुना व्हिसा बंद करून इंटरनेटवरून मिळणारा प्रवासपरवाना सुरू केला. तो निघण्यापूर्वी काही दिवस हाती असावा. त्याहून महत्त्वाचा दाखला पीतज्वराच्या लशीचा. ही लस आपल्याकडे सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला ग्राह्य धरतात. तो नसेल तर अडचण परतताना येते. आपलेच आरोग्य अधिकारी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात! साठीच्या पुढच्या मंडळींनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी लशीआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मलेरियाच्या गोळ्यांचेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

आता सामान. आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीने नुसते सुती कपडे भरू नयेत. नैरोबी महाबळेश्वराहूनही उंचावर आहे. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो, तेव्हा पहाटेच्या उघड्या गाडीत स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागले. कपडे खाकी किंवा मातकट रंगाचे न्यावेत. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से माशी आकर्षित होते. विजेचे सॉकेट चौकोनी तीन पिनांचे असते, तेव्हा जोडपिन बरोबर हवी. छोट्या विमानाने माराला जाणाऱ्यांना बहुधा पंधरा किलोंचीच, तीही मऊ बॅग नेता येते. गृहिणींना खास सूचना म्हणजे चिवडा-चकल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नयेत. २०१७ पासून केनियात अशा पिशव्यांना बंदी आहे, आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. सरळ डबे आणि स्टीलची बाटली घ्यावी.

जेवणाची काळजी मात्र नको. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली, ती हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे बत्तीस हजार मजुरांच्या हातांनी. त्यांतले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. काही हजार मागे राहिले, मागोमाग गुजराती दुकानदार गेले, आणि २०१७ मध्ये सरकारने तेथील आशियाई समाजाला देशातील चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. त्यामुळे नैरोबीत शाकाहारी थाळी मिळते, भजीही मिळते. स्वाहिलीत चपातीला चपाती, गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’ आणि पैशाला ‘पेसा’ म्हणतात. टोमॅटो-कांद्याची ‘कचुंबरी’ ही तर आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण! तिच्या जोडीला मक्याच्या पिठाचा ‘उगाली’ आणि पालेभाजी एकदा तरी खावी.

एक गंमत घड्याळाची. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘पहिला तास’. सहा तासांचा फरक पडतो. म्हणून कोणी स्वाहिलीत वेळ सांगितली तर पुन्हा विचारून खात्री करावी. आणि ‘पोले पोले’ हा शब्द शिकून घ्यावा. आमच्या धाकट्याला वाटले, पोळी वाढताहेत! त्याचा अर्थ ‘हळू हळू’.

हाच शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. मारात एका प्राण्याभोवती पाचाहून अधिक गाड्या नसाव्यात आणि अंतर पंचवीस मीटर राखावे, असा नियम आहे. पण वायरलेसवर ‘चित्ता’ अशी खबर आली की वीस-वीस गाड्या धावतात. चित्ता शिकार करतो ती बहुधा दिवसा, नजरेच्या आणि वेगाच्या बळावर. गाड्यांच्या गराड्यात सावज उधळते आणि पिल्ले उपाशी राहतात. माराविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कमी वर्दळीच्या भागात एका वेतातील सरासरी २.३ पिल्ले वाढून स्वतंत्र झाली. गर्दीच्या भागात ०.२. म्हणजे पाच वेतांमागे जेमतेम एक!

आमच्या गाडीतही हा प्रसंग आला. सहाएक गाड्या आधीच उभ्या होत्या. मागच्या बाकावरील गृहस्थ म्हणाले, “जवळ घ्या, टिप देतो.” चालक शांतपणे म्हणाले, “तिला तीन लहान लेकरे आहेत,” आणि त्यांनी गाडी वळवली. मुले थोडी रुसली. पुढे तासाभराने हत्तींचा कळप रस्ता ओलांडत होता. आम्ही इंजिन बंद करून बसलो, तेव्हा गवत उपटल्याचा आवाजही ऐकू येत होता.

चालक नियम मोडतात ते बहुतेक वेळा आपल्याच आग्रहामुळे. टिप जाईल ही त्यांना धास्ती असते. म्हणून पहिल्याच सकाळी त्यांना सांगून टाकावे की, टिप ठरलेली आहे, प्राणी दिसोत वा न दिसोत. आम्हाला गर्दीत जायचे नाही. यासाठी एक पैसाही जास्त पडत नाही.

आपल्या देशातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. सत्तर वर्षांनी, २०२२ मध्ये, तो नामिबियाहून आणावा लागला. गमावणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. केनियात पाहुण्याला ‘कारिबू’ म्हणजे ‘या’ म्हणतात. यजमानाच्या स्वयंपाकघरात आपण जसे शिरत नाही, तसेच मारातही अंगणाशी थांबावे. दुर्बीण तेवढी चांगली न्यावी.