पडलेला लेझर पॉइंटर : उघडायचा कुठपर्यंत, थांबायचं कुठे



मध्यंतरी आमच्या पनवेल तालुक्यातल्या एका गावात बचत गटांच्या हिशेबाच्या वह्यांचं प्रशिक्षण होतं. भिंतीवर प्रोजेक्टर लावला होता. रोख वहीत जमा कुठे आणि खर्च कुठे, ते आमच्या एक खजिनदार ताई लेझर पॉइंटरच्या लाल ठिपक्याने दाखवत होत्या. तेवढ्यात पॉइंटर हातातून निसटला आणि लादीवर आपटला. बटण दाबलं, तर ठिपका नाही. ताईंचा चेहरा उतरला. "माझ्या बचतीतून पैसे कापून घ्या," म्हणाल्या. दुसऱ्या एकीने पॉइंटर उचलला आणि बटण दाबत दाबत त्याच्या भोकात डोकावायला लागली. मी ओरडलेच, "अगं, डोळ्यासमोर नको धरूस!"

त्या दिवशी दोन गोष्टी लक्षात आल्या. वस्तू पडली की बाई आधी स्वतःला दोष देते, आणि बंद पडलेली वस्तू आपण डोळ्याजवळ नेऊन बघतो. लेझरच्या बाबतीत ही दुसरी सवय फार महागात पडू शकते.

कारण सांगते. टॉर्चचा उजेड पसरतो. लेझरचा किरण मात्र एका रेषेत जातो. भिंगातून ऊन एका जागी आणलं की कागद कसा जळतो, ते आपण लहानपणी पाहिलंय. आपल्या डोळ्यातही तसंच भिंग असतं. ते लेझरचा किरण मागच्या पडद्यावर अगदी बारीक ठिपक्यात गोळा करतं. त्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून इजा झाली तरी डोळा दुखेलच असं नाही. पडलेल्या पॉइंटरची जोडणी सैल असते. हलवताना ती कधीही जुळते आणि बंद वाटणारा किरण अचानक चालू होतो. म्हणून तपासताना पॉइंटरचं तोंड कायम रिकाम्या, खडबडीत भिंतीकडे ठेवायचं. समोर आरसा, काच, स्टीलचं ताट नको आणि मुलंही नकोत.

आता दुरुस्ती. आधी दोष कुठे आहे ते शोधू. तुमच्या पॉइंटरवर स्लाइड पुढेमागे करायची बटणं असतील तर ती दाबून बघा. स्लाइड बदलते पण ठिपका येत नाही, याचा अर्थ सेल बहुतेक ठीक आहेत आणि दोष लेझरच्या बटणात किंवा तोंडाकडच्या भागात आहे. काहीच चालत नसेल तर सेलपासून सुरुवात करा.

झाकण उघडा. सेल काढण्याआधी कोणती बाजू कुठे आहे ते बघून ठेवा, हवं तर मोबाइलवर फोटो काढा. आपटल्यावर सेल जागेवरून सरकतात, तिरके होतात. नुसते सरळ बसवले तरी पुष्कळदा काम होतं. चावीला अडकवायच्या छोट्या पॉइंटरमध्ये बहुधा तीन बटण सेल असतात. प्रत्येक दीड व्होल्टचा, मिळून साडेचार व्होल्ट. बदलायचे तर तिन्ही एकदम बदला. जुने सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. मुलाने बटण सेल गिळला तर वाट न बघता दवाखाना गाठा.

मग स्प्रिंग बघा. आपटल्यावर ती दबली असेल तर सेलला टेकत नाही. जाड सुईने हळूच थोडी वर ओढा. पितळी पत्रा मागे गेला असेल तर तोही जरासा पुढे घ्या. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कोरड्या कापडाने पुसा, मग खोडरबराने घासा आणि भुकटी झटकून टाका. नंतर हात साबणाने धुवा.

एवढ्यावरही ठिपका आला नाही तर आतल्या पट्टीवरचा डाख, म्हणजे सोल्डरिंग, सुटलेलं असू शकतं. मोबाइल दुरुस्त करणारा ते करून देतो. पण आधी त्याला किंमत विचारा. नवा पॉइंटर त्याहून स्वस्त पडत असेल तर दुरुस्ती कशाला?

आता थांबायचं कुठे? तोंडाकडच्या भागाशी. तिथे लेझर आणि त्याचं भिंग असतं. ठिपक्याऐवजी भिंतीवर पट्टा किंवा पसरट डाग दिसत असेल तर भिंग हललेलं आहे. अगदी मंद, पसरट लाली येत असेल तर लेझर गेलेला आहे. तो भाग घरी उघडायचा नाही. आणि हिरव्या किरणाचा पॉइंटर पडला असेल तर अजिबात उघडू नका. त्यातल्या बऱ्याच पॉइंटरमध्ये आधी न दिसणारा किरण तयार होतो, त्यापासून हिरवा बनतो, आणि उरलेला अदृश्य किरण एक गाळणी अडवते. आपटून ती गाळणी हलली तर तो किरण बाहेर पडतो. दिसत नाही, म्हणून डोळा मिटतही नाही. असा पॉइंटर आपटल्यावर मंद झाला असेल तर चालू असला तरी बाद करा.

सभेत वापरायला क्लास २ चा, म्हणजे एक मिलिवॅटच्या आतला पॉइंटर पुरतो. खरेदी करताना पट्टीवर तो आकडा बघा, आणि पट्टीच नसेल तर घेऊ नका. मिरवणुकीतले लेझर याहून कितीतरी तीव्र असतात. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी त्यांच्यावर बंदी घातली होती. आपल्याकडे तर आता विमानतळही आलाय. मुलांना सांगून ठेवा, गंमत म्हणूनही किरण विमानाकडे धरायचा नाही. वैमानिकाचे डोळे दिपतात.

कुणाच्या डोळ्यात किरण गेला आणि नंतर मधोमध काळा ठिपका दिसू लागला किंवा सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर डोळा चोळू नका, घरचे थेंब घालू नका. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, लक्ष्मी आणि शंकरा ही डोळ्यांची रुग्णालयंही आहेत. त्याच दिवशी दाखवून या.

आमच्या पॉइंटरची स्प्रिंग दबली होती. खजिनदार ताईंनीच सुईने ती वर ओढली आणि भिंतीवर लाल ठिपका आला. त्यांच्या बचतीतला एक रुपयाही कापला नाही. पुढच्या बैठकीत दोन ठराव झाले. गटाच्या कामात वस्तू पडून बिघडली तर खर्च गटाचा. आणि पॉइंटरला दोरी बांधायची, ती वापरणारीने मनगटात अडकवायची. तुमच्या गटातही हे बोलून घ्या.

पुन्हा भेटू. नमस्कार.