अटींतून उभी राहणारी घरे

वर आठ उंचवटे असलेल्या लेगोच्या एकाच रंगाच्या दोन विटा २४ प्रकारे जोडता येतात. तीन विटांचे १,०६० प्रकार होतात आणि सहा विटांचे तब्बल ९१,५१,०३,७६५! कोपनहेगन विद्यापीठातील गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी ही मोजदाद संगणकाकडून करून घेतली. शेकडो विटांचे घर संगणकाने स्वतः रचायचे, तर एकेक जुळणी तपासत बसणे त्याच्याही आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून त्याला अटी घालून दिल्या जातात.

रीत सुडोकूसारखीच आहे. जागेचे खण पाडतात. सुरुवातीला प्रत्येक खणात भिंत, दार, खिडकी, छप्पर किंवा मोकळी जागा यांपैकी काहीही येऊ शकते. कशाशेजारी काय चालते, हे आधीच ठरलेले असते. एका खणात दार बसले की समोरच्या खणातून भिंत बाद होते आणि वरच्या खणातून मोकळी जागा. वर छप्पर आले, तर त्याच्याही वर मोकळ्या जागेखेरीज काही उरत नाही. एका निवडीचा परिणाम असा खणाखणांतून पसरत जातो. मग ज्या खणात सर्वांत कमी पर्याय शिल्लक असतील, तिथली निवड चिठ्ठी टाकल्यासारखी होते. त्यामुळे दर वेळी नवे, तरीही नियमांत बसणारे घर तयार होते. एखाद्या खणात एकही पर्याय उरला नाही, तर मागे जाऊन आधीची निवड बदलावी लागते.

अटी पसरवण्याच्या या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास अ‍ॅलन मॅकवर्थ यांनी १९७७ मध्ये मांडला. पॉल मेरेल यांनी २००७ मध्ये नमुन्यावरून त्रिमितीय रचना घडवण्यासाठी तशीच पद्धत वापरली. मॅक्सिम गुमिन यांच्या २०१६ मधील ‘वेव्ह फंक्शन कोलॅप्स’ या प्रोग्रामने ती संगणकीय खेळ बनवणाऱ्यांपर्यंत नेली. ऑस्कर स्टॉलबर्ग यांच्या ‘टाउनस्केपर’ या खेळातली रंगीत गावे याच तत्त्वावर उभी राहतात.

मात्र शेजारधर्म पाळला म्हणून घर उभे राहतेच असे नाही. गवंडी सांधेमोड करतो, म्हणजे वरच्या थरातला सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाही. तीच अट इथेही घालावी लागते. शिवाय प्रत्येक वीट इतर विटांमार्फत पायापर्यंत जोडलेली आहे का, हे संपूर्ण रचनेवरच तपासावे लागते. शेजाऱ्यांच्या साऱ्या अटी पाळूनही एखादा सज्जा हवेत तरंगत राहू शकतो. या तपासणीत टिकलेला आराखडाच खऱ्या विटांनी बांधता येतो.